परतलेल्या खेळाडूचे मोल

२५ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात बास्केटबॉलचा एक सामना झाला. स्पर्धेच्या हिशेबाने पाहिले तर त्या सामन्याला काडीचेही महत्त्व नव्हते. यजमान मिनेसोटा टिंबरवुल्व्ज हा संघ त्या मोसमात तळाला जाऊन बसला होता. मोसम संपला तेव्हा ८२ सामन्यांपैकी अवघे १६ विजय त्याच्या पदरी पडले होते. पाहुणा संघ वॉशिंग्टनचा. अशा सामन्याकडे प्रेक्षकांनी पाठ फिरवावी, हेच स्वाभाविक. परंतु त्या रात्री टार्गेट सेंटरचे प्रेक्षागार दुमदुमून गेले. यजमान खेळाडूंची नावे पुकारली जात असता शेवटचे नाव उच्चारले गेले आणि टाळ्यांच्या कडकडाटात पुढचे काही ऐकू येईनासे झाले. ते नाव होते केव्हिन गार्नेट. वय ३८. साडेसात वर्षांपूर्वी हा खेळाडू हेच शहर सोडून गेला होता. सामना मिनेसोटाने ९७-७७ असा जिंकला, पण गार्नेटच्या नावावर गुण लागले फक्त पाच.

पाच गुण करणाऱ्या खेळाडूसाठी एवढा जल्लोष कशासाठी, असा प्रश्न हिशेबी माणसाने विचारावा आणि आम्हीही तो विचारतो. दूरदेशीच्या एका खेळाडूची हकीकत अग्रलेखाच्या जागी मांडण्याचे कारणही तोच प्रश्न आहे. उतारवयात आपल्या जुन्या संघाकडे परतणाऱ्या खेळाडूचे मोल कशाने मोजावे? आणि त्याला परत घेणाऱ्या संस्थेवर कोणती जबाबदारी येते? गार्नेटच्या परतण्याने या दोन्ही प्रश्नांवर प्रकाश पडला. पहिल्याचे उत्तर लवकर मिळाले. दुसऱ्याचे मिळण्यास तब्बल दहा वर्षे लागली.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची रीत आपल्याकडील क्लबांच्या रीतीहून पुष्कळच निराळी आहे. तेथे नवा खेळाडू संघ निवडीत नाही, संघ खेळाडूला निवडतो. दर उन्हाळ्यात सर्व संघ ठरलेल्या क्रमाने एकेका तरुणाचे नाव घेतात आणि ज्या शहराचा त्या तरुणाशी काडीचा संबंध नाही, ते शहर एका दिवसात त्याचे होऊन बसते. पुढे करार चालू असताही संघचालकांच्या मनात आले की त्याला दुसऱ्या संघाच्या खेळाडूच्या बदल्यात देऊन टाकले जाते. फार थोड्या ज्येष्ठ खेळाडूंच्या करारात त्यांच्या संमतीवाचून अशी अदलाबदल न करण्याचे कलम असते. अशा व्यवस्थेत ‘निष्ठा’ हा शब्द उच्चारणेही कित्येकांना भाबडेपणाचे वाटते. तथापि, जेथे सारे व्यवहार नाण्यांत मोजले जातात, तेथेच न मोजता येणाऱ्या गोष्टी अधिक ठळकपणे नजरेत भरतात, हेही तितकेच खरे.

१९९५ साली मिनेसोटाने निवडीच्या पाचव्या क्रमांकावर गार्नेटचे नाव घेतले, तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि महाविद्यालयाची पायरीही चढला नव्हता. जन्माने दक्षिण कॅरोलायनाचा हा मुलगा शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षी शिकागोस येऊन राहिला होता. शाळेतून थेट व्यावसायिक संघात जाण्याची घटना त्यापूर्वी वीस वर्षे घडलेली नव्हती. निवडणारा संघही तसा पोरवयाचाच. १९८९ मध्ये उभा राहिलेला आणि तोवर एकदाही बाद फेरीचे तोंड न पाहिलेला. गार्नेटच्या पहिल्याच मोसमात, डिसेंबर १९९५ मध्ये, फ्लिप साँडर्स यांच्याकडे प्रशिक्षकपद आले आणि पुढील दहा वर्षे या गुरुशिष्यांनी संघाला आकार दिला. १९९७ पासून २००४ पर्यंत सलग आठ वर्षे मिनेसोटा बाद फेरीत पोचला. त्यांपैकी पहिली सात वर्षे तो पहिल्याच टप्प्यावर गारद झाला, हे खरे. पण २००४ मध्ये गार्नेट साऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत जाऊन थडकला. गुण, रीबाउंड, पास, अडवलेले फटके, हिसकावलेले चेंडू, ज्या ज्या बाबतीत संघाचे विक्रम मोजतात, त्या त्या बाबतीत अग्रस्थानी त्याचेच नाव लागले.

याच काळातील एक दुःखद प्रसंग येथे नमूद केला पाहिजे. मे २००० मध्ये गार्नेटचा सहखेळाडू व जिवलग मित्र मलिक सीली हा गार्नेटच्या वाढदिवसाच्या समारंभातून घरी परतताना मोटार अपघातात मृत्यू पावला. मिनेसोटाने सीलीचा दोन क्रमांक कायमचा राखून ठेवला. तो अन्य कोणी घालू नये असे ठरवून त्याचे निशाण प्रेक्षागाराच्या छताखाली चढवले. पुढे कित्येक वर्षांनी ब्रुकलिनच्या संघात गेल्यावर गार्नेटने अंगावर घेतला तो हाच क्रमांक. माणूस शहर सोडतो तेव्हा सारेच मागे ठेवून जात नाही.

३१ जुलै २००७ रोजी गार्नेट बोस्टन सेल्टिक्सकडे गेला. त्याच्या बदल्यात मिनेसोटाला पाच खेळाडू आणि पुढील निवडीतील दोन हक्क मिळाले. आदल्या मोसमात अवघे २४ सामने जिंकलेल्या बोस्टनने पॉल पिअर्स, रे अ‍ॅलन आणि गार्नेट या त्रयीच्या बळावर पुढील मोसमात ६६ सामने जिंकले आणि जून २००८ मध्ये अजिंक्यपद पटकावले. जे सुख बारा वर्षे राबून मिनेसोटात लाभले नाही, ते बोस्टनमध्ये एका वर्षात पदरी पडले. मिनेसोटाच्या चाहत्यांनी यावर चरफडावे की आनंद मानावा? बहुतेकांनी दोन्ही केले असावे. मुलीला सासरी सुख लागले म्हणजे आईबापांना समाधान वाटते. पण ते सुख आपल्या घरी का देता आले नाही, ही रुखरुखही लागून राहते. गार्नेटच्या जाण्यानंतर मिनेसोटाच्या संघाला जी उतरती कळा लागली, तिच्यामुळे ही रुखरुख वर्षागणिक वाढतच गेली.

२०१३ मध्ये बोस्टनने गार्नेटला ब्रुकलिनकडे धाडले. तेथे त्याचा खेळ आणखी मंदावला. फेब्रुवारी २०१५ मध्ये अदलाबदलीची मुदत संपत असता साँडर्स यांनी पुन्हा त्याला साद घातली. मधल्या काळात तेही मिनेसोटा सोडून गेले होते आणि आता प्रशिक्षक व संघाचे कर्तेधर्ते अशा दुहेरी नात्याने परतले होते. संमतीवाचून बदली न करण्याचे कलम गार्नेटच्या करारात होते. त्याने नकार दिला असता तर कोणाचेच काही चालले नसते. त्याने ते कलम बाजूला सारले आणि तो तळाच्या संघात परत आला.

या व्यवहारावर टीका करणाऱ्यांची बाजू कमकुवत नव्हती. मिनेसोटाने बदल्यात दिला तो थॅडियस यंग. वय २६, अंगात रग असलेला, रोज तीस-तीस मिनिटे मैदान गाजवू शकणारा. त्याला देऊन बारा वर्षांनी मोठा असलेला, गुडघे थकलेला खेळाडू घेणे हा भावनेपोटी केलेला आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असे म्हणणाऱ्यांना आकड्यांचा भक्कम आधार होता. पुढे घडले तेही आकड्यांच्या दृष्टीने त्यांचेच म्हणणे खरे करणारे होते. त्या मोसमात गार्नेट मिनेसोटासाठी फक्त पाच सामने खेळू शकला. पुढील मोसमात ३८. त्या ३८ सामन्यांत दर सामन्यामागे त्याच्या गुणांची सरासरी सुमारे तीन भरते. आकड्यांच्या वहीत हे खाते तोट्याचेच दिसते.

परंतु साँडर्स यांनी त्याला गुण करण्यासाठी बोलावलेच नव्हते. संघात अँड्र्यू विगिन्ससारखी विशीतील मुले होती. जून २०१५ मध्ये निवडीचा पहिला हक्क मिळून १९ वर्षांचा कार्ल-अँथनी टाउन्स त्यांत आला. गुणवत्ता उदंड, पण व्यावसायिक जीवनाची शिस्त कशाशी खातात याची कल्पना बेताचीच. सरावाला किती आधी यावे, हरलेल्या रात्री कसे वागावे, बचावात उभे राहून सहखेळाडूंना सतत ओरडून सावध कसे ठेवावे, शरीराची निगा कशी राखावी, या गोष्टी फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत. त्या जगून दाखवणारा माणूस शेजारी वावरावा लागतो. आपल्याकडे बुजुर्ग गवई शिष्याच्या बैठकीत कधी कधी मागे तंबोरा घेऊन बसतो. आवाज त्याचा लागत नाही, पण शिष्याचा सूर त्याच्या नुसत्या बसण्याने सावरतो. गार्नेटची भूमिका याच जातीची होती. टाउन्स २०१६ मध्ये वर्षातील सर्वोत्तम नवोदित ठरला, तोही एकमताने. त्याच्या गुणवत्तेचे श्रेय दुसऱ्या कोणाला देणे अन्यायाचे होईल. तथापि गार्नेटकडून आपण काय घेतले, हे खुद्द टाउन्सनेच वेळोवेळी कृतज्ञतेने सांगितले आहे.

या संदर्भात आणखी एक धागा लक्षात घेण्याजोगा आहे. १९९५ मध्ये शाळकरी वयाचा गार्नेट मिनेसोटात आला, तेव्हा त्याला हाताशी धरणाऱ्या ज्येष्ठ खेळाडूंत सॅम मिचेल हे एक होते. वीस वर्षांनी तेच मिचेल साँडर्स यांच्या हाताखाली प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानात उभे होते. म्हणजे जे ऋण गार्नेटने कोवळ्या वयात घेतले, ते त्याच घरात, पहिल्या सावकाराच्या डोळ्यांदेखत, तो पुढच्या पिढीला फेडीत होता. कोणत्याही संस्थेची परंपरा याहून वेगळ्या रीतीने निर्माण होते, असे आम्हाला वाटत नाही. इमारती, झेंडे आणि घोषवाक्ये विकत आणता येतात. ही साखळी विकत मिळत नाही.

नियतीने मात्र हा डाव अर्ध्यावरच मोडला. साँडर्स यांना कर्करोगाने गाठले आणि मोसमाला तीन दिवस उरले असता, २५ ऑक्टोबर २०१५ रोजी, साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर गार्नेटने एक छायाचित्र प्रसिद्ध केले. सरावकेंद्राच्या आवारात साँडर्स यांची मोटार ठेवण्याची जी राखीव जागा होती, तिच्यापुढे तो पाठमोरा बसला आहे, एवढेच त्या चित्रात होते. पावणेसात फुटांहून उंच देहाचा तो माणूस जमिनीवर बसलेला पाहून, खेळातले ओ की ठो न कळणाऱ्यांनाही त्या परतण्याचा अर्थ उमगला असेल. तो मिनेसोटाच्या प्रेक्षकांसाठी आला होताच, पण त्याहून अधिक एका माणसाच्या शब्दाखातर आला होता.

परतण्याच्या तऱ्हा अनेक असतात, याची जाणीव येथे ठेवली पाहिजे. लेब्रॉन जेम्स २०१४ मध्ये क्लीव्हलँडला परतला तो ऐन बहरात. चार वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा ज्या शहराने त्याचे नाव असलेले गणवेश रस्त्यावर जाळले होते, त्याच शहराला त्याने २०१६ मध्ये १-३ अशा पिछाडीवरून अजिंक्यपद मिळवून दिले. मोठ्या व्यावसायिक खेळांत त्या शहराला लाभलेले हे १९६४ नंतरचे पहिलेच अजिंक्यपद. अ‍ॅलन आयव्हर्सन डिसेंबर २००९ मध्ये फिलाडेल्फियाला परतला. पण २५ सामन्यांनंतर मुलीच्या आजारपणामुळे त्याला खेळ थांबवावा लागला. ड्वेन वेड २०१८ मध्ये मायामीला परतला आणि पुढचा मोसम खेळून त्याने समाधानाने निरोप घेतला. जेम्सच्या परतण्याचे मोल सर्वांना कळते, कारण त्याच्या हातात चषक होता. गार्नेटच्या परतण्याचे मोल ओळखायला थोडी निराळी दृष्टी लागते आणि नेमकी तीच दृष्टी संस्थांच्या चालकांकडे अभावानेच असते.

मिनेसोटातही तसेच घडले. साँडर्स गेले आणि गार्नेटला घरी आणणारा माणूसच घरात राहिला नाही. २०१६ च्या वसंतात नवी व्यवस्था आली. त्या सप्टेंबरात, कराराचे एक वर्ष शिल्लक असता, तडजोड होऊन गार्नेट मोकळा झाला आणि २१ मोसमांच्या कारकीर्दीनंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. खेळ संपल्यावर संघाच्या मालकीत व कारभारात आपल्याला वाटा मिळावा, असा साँडर्स यांच्याबरोबर आपला विचार ठरला होता, असे त्याचे म्हणणे होते. तसे घडले नाही. मालक ग्लेन टेलर यांच्यावर त्याने पुढे जाहीरपणे कठोर टीका केली आणि त्यांच्या हयातीतल्या मालकीत आपल्या क्रमांकाचा सन्मान नको, इतक्या थराला गोष्ट गेली. मालकपक्षानेही सन्मानाची इच्छा बोलून दाखवली होती. दोघांमध्ये नेमके काय बोलणे झाले, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि तशी गरजही नाही. परिणाम मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात २०२० च्या तुकडीत गार्नेटची निवड झाली. मार्च २०२२ मध्ये बोस्टनने त्याचा पाच क्रमांक समारंभपूर्वक छताखाली चढवला. म्हणजे जेथे तो सहा मोसम खेळला, त्या शहराने त्याचे नाव कोरले. जेथे त्याने बारा मोसम आणि वर उतारवयाची दीड वर्षे दिली, त्या मिनेसोटाच्या छताखाली सीलीचा क्रमांक होता, साँडर्स यांचे नाव होते आणि या दोघांचाही जो सर्वांत जवळचा, त्याची जागा रिकामी होती.

२०२५ मध्ये संघाची मालकी बदलली. नव्या मालकांनी त्याच वर्षी गार्नेटशी पुन्हा नाते जोडले आणि त्याचा २१ क्रमांक कायमचा राखून ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. उशिरा का होईना, योग्य तेच झाले. पण जो निर्णय एका वर्षात घेता आला, तो त्यापूर्वी नऊ वर्षे घेता येऊ नये, यात दोष एकट्या खेळाडूच्या तापट स्वभावाचा मानून चालणार नाही. वडीलधारा माणूस रागीट असला तर घरानेच दोन पावले पुढे यायचे असते. शिवाय असे विलंब नेहमीच सुधारता येतात असेही नाही. साँडर्स यांचे नाव छताखाली चढले ते त्यांच्या मृत्यूनंतर, २०१८ मध्ये.

गोमंतकीयांना परतण्याचा अर्थ परक्याने समजावून सांगण्याची गरज नाही. बोटीवर वीस-वीस वर्षे काढून तारवटी घरी येतो; कोणी आफ्रिकेतून, कोणी आखातातून, कोणी मुंबईच्या गिरगावातून निवृत्त होऊन गावच्या घराची कौले शाकारायला येतो. त्याची ट्रंक उघडेपर्यंत घर त्याच्याभोवती गोळा होते. पण ट्रंक रिकामी झाल्यावर त्याच्याकडून काही शिकून घ्यावे, असे किती घरांना सुचते? आपल्या क्रीडासंस्था, नाट्यमंडळे, शाळा आणि वाचनालये यांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. वर्धापनदिनी जुन्या खेळाडूला व्यासपीठावर बसवायचे, शाल-श्रीफळ द्यायचे, दोन गौरवपर भाषणे करायची आणि त्याला रिक्षात बसवून घरी धाडायचे, हा आपला सत्काराचा ठरलेला पाठ. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मैदानाचे दार त्याच्यासाठी उघडे असते काय? सायंकाळी मुले सराव करीत असता त्याने कडेला उभे राहून दोन गोष्टी सांगाव्यात, अशी कोणाची अपेक्षा तरी असते काय? जुन्या नटाला तालमीला बोलावले जाते काय? अनुभव हा पुष्पहाराने झाकून ठेवण्याचा जिन्नस नव्हे.

अर्थात परतणाऱ्यानेही काही पथ्ये पाळायची असतात. जुन्या पराक्रमाचे पोवाडे ऐकवत बसणारा, नव्यांच्या जागा अडवणारा ज्येष्ठ हा संस्थेला ओझेच होतो. एकेकाळी साऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू असलेल्या गार्नेटने पंधरा-पंधरा मिनिटे खेळणे पत्करले, उरलेला वेळ बाकावर बसून पोरांना सांभाळले आणि त्यात कमीपणा मानला नाही. ज्याला हे जमते, त्यानेच परतावे. आणि ज्या संस्थेला असा माणूस लाभतो, तिने त्याला काम द्यावे, दिलेला शब्द पाळावा आणि त्याचा मान त्याच्या डोळ्यांदेखत करावा. मिनेसोटाने यातील पहिली गोष्ट चोख केली, बाकीच्यांसाठी दहा वर्षे दवडली.

आपल्या संस्थांच्या चालकांना आमची एवढीच सूचना आहे. येत्या वर्धापनदिनाची निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी जुन्या खेळाडूंची यादी काढावी, त्यांतील कोण हयात आहे आणि कोण अबोला धरून बसला आहे ते पाहावे आणि पत्रिका घेऊन जाण्याऐवजी मैदानाची किल्ली घेऊन त्याच्या दारी जावे. रागावलेला माणूसही किल्ली सहसा परत करीत नाही.